दोन किटल्या आणि एक पिवळी रेघ

अबुधाबीजवळच्या मुसफ्फा या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या वर्कशॉपमध्ये मी काही वर्षं नोकरी केली, तिथं त्या देशाच्या लष्कराच्या गाड्या दुरुस्तीला यायच्या. हे सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लगेच रणगाडे उभे राहतात. आमच्याकडे यायचे ते सामानाचे ट्रक, पाण्याचे टँकर, जीपा आणि कधीतरी सैनिकांचा फिरता भटारखाना. माझ्या माहेरी, नाशिकला, मात्र मी दुबईच्या मिलिटरीत आहे अशी बातमी होती. मी दुबईत नाही, अबुधाबीत आहे, आणि मिलिटरीत तर मुळीच नाही, असं मी दोन-तीन सुट्ट्यांमध्ये समजावून पाहिलं. शेवटी आईच म्हणाली, "राहू दे ना, ऐकायला बरं वाटतं."

माझा हुद्दा होता मेंटेनन्स प्लॅनर. मेकॅनिकलची पदवी घेऊन नवऱ्याच्या मागोमाग अबुधाबीला आले, तेव्हा जिथं जाईन तिथं सेक्रेटरीची जागा पुढे केली जाई. या कंपनीला खरोखरच इंजिनियर हवा होता, त्यातही कॉम्प्युटरवर आलेख काढून देणारा. तो मिळत नव्हता म्हणून मी चालले. त्या अवाढव्य शेडमध्ये मी एकटी बाई. पहिल्या आठवड्यात माणसं मला पाहून शिव्या गिळायची, त्यामुळे कामं खोळंबायची. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी गिळणं सोडलं आणि कामं पूर्ववत सुरू झाली. कार्यक्षमतेचा माझा पहिला धडा तो.

कंपनीचा लष्कराशी करार होता, आणि त्या करारात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेळ. गाडी फाटकातून आत आली की घड्याळ सुरू, दुरुस्त होऊन बाहेर पडली की बंद. मधल्या काळाला टर्नअराउंड टाइम म्हणायचं. तो कमी झाला की कार्यक्षमता वाढली, जास्त झाला की घटली. दर महिन्याला मी त्याचा आलेख काढायचा आणि लष्कराकडून एक तरुण कॅप्टन येऊन तो पाहायचा. कॅप्टन तिथलाच, अरब, अतिशय अदबशीर. लहानपणी घरचा ड्रायव्हर भारतीय असल्यामुळे त्याला हिंदी छान येत असे, पण हे त्यानं आमच्या मॅनेजरला कधी कळू दिलं नव्हतं.

मॅनेजर ब्रिटिश. तोही तिकडच्या फौजेतून निवृत्त झालेला. उंच, सभ्य आणि उन्हानं कायम लाल. माणसं आळशी नसतात, व्यवस्था आळशी असते, असं त्याचं मत होतं, आणि ते तो पहिल्या भेटीतच ऐकवायचा. या मतापायी त्यानं हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवून घेतली. कुठला पाना जागेवर नाही हे लांबूनच दिसावं, हा हेतू. चार दिवसांत फळीच्या कोपऱ्यात कुणीतरी त्याच रंगात चहाच्या किटलीची आकृती काढली आणि तिथं खिळा मारून किटली अडकवली. मॅनेजरनं ती पाहिली, थोडा विचार केला आणि राहू दिली. पुढे पाने कधी जागेवर सापडायचे, कधी नाही. किटली रोज सापडायची.

शेडच्या दोन बाजूंना दोन फोरमन होते. ही गोष्ट खरं तर त्यांचीच आहे.

डावी बाजू सुभेदारांची. सातारा जिल्ह्यातले, आपल्या लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन आखातात आलेले. अंगावरचा निळा डगला ते कामगारांच्या कॅम्पवर रोज स्वतः इस्त्री करत आणि संध्याकाळपर्यंत त्याची घडी मोडत नसे. ते कसं जमायचं हे मला कधी समजलं नाही. उजवी बाजू उस्तादांची. ते पाकिस्तानातल्या पंजाबचे, तिकडच्या लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. अंगानं भरभक्कम, गुडघे गेलेले, आवाज मात्र शाबूत. सुभेदार मला चारचौघांत मॅडम आणि एरवी ताई म्हणायचे. उस्ताद सगळ्यांदेखत बेटी म्हणायचे.

दोघांनी कधीतरी बसून हिशेब लावला होता की तरुणपणी एका हिवाळ्यात ते वाळवंटातल्या एकाच सीमेच्या अलीकडे-पलीकडे, आपापल्या फौजेचे ट्रक दुरुस्त करत होते. ही त्यांची आवडती गोष्ट. उस्ताद म्हणायचे, "तुम्हारी गाड़ियाँ इतना धुआँ छोड़ती थीं कि हमें दूरबीन की जरूरत ही नहीं पड़ती थी."

सुभेदार शांतपणे उत्तर द्यायचे, "और तुम्हारी गाड़ियाँ स्टार्ट ही नहीं होती थीं. इसलिए तुम्हारा धुआँ हमें नहीं दिखा."

दोघांनाही मधुमेह. दोघांचा स्वतःवर विश्वास नव्हता, त्यामुळे प्रत्येकानं दुसऱ्याची साखर सांभाळायचं ठरलेलं होतं. सकाळच्या चहाला उस्तादांचा हात साखरेकडे गेला की सुभेदार नुसते खाकरायचे. कुणी गावाहून परत आला आणि पेढे वाटले, की सुभेदारांच्या हातातला पेढा उस्ताद अर्धा मोडून स्वतःच्या खिशात टाकायचे. तो पुढे कुठं जायचा हे सुभेदारांना माहीत होतं, आणि त्यावरून वेगळं भांडण व्हायचं.

गाडी आली की दोघं मिळून तिच्याभोवती फेरी मारत. वाकून खाली पाहत, टायरला लाथ मारत, ड्रायव्हरला नको ते प्रश्न विचारत, आणि मग ती कुणाच्या बाजूला जाणार यावर वाद घालत. मॅनेजरच्या सांगण्यावरून मी काही दिवस या फेरीला लागणारा वेळ मोजला. गाडीविषयी जेवढं बोलणं व्हायचं, त्याच्या दुप्पट साखर, मुलींची लग्नं आणि ताजं मटण कुठं मिळतं याविषयी व्हायचं. मी तसं लिहून दिलं. मॅनेजरनं कागदावर लाल पेननं लिहिलं: दोन फोरमन, एक गाडी, का?

मी दोघांना वेगवेगळं विचारलं.

उस्ताद म्हणाले, "बेटी, एक आदमी को गाड़ी की एक ही तरफ दिखती है."

सुभेदार म्हणाले, "ताई, मी नाही फिरलो तर हा बाबा चांगल्या चांगल्या गाड्या स्वतःकडं वढून घील. म्हणून फिरतो."

मॅनेजरनं दोन्ही उत्तरं वाचली आणि शेडच्या बरोबर मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, एक पिवळी रेघ मारून घेतली. डावीकडची गाडी डावीकडेच, उजवीकडची उजवीकडेच. एक गाडी आली की इकडे, दुसरी तिकडे. चर्चा नको, फेरी नको, फोरमननं रेघ ओलांडायची नाही. पहिल्या दिवशी दोघांनी रेघ नीट पाहून घेतली. दुसऱ्या दिवसापासून रेघेच्या दोन बाजूंना दोन स्टुलं आली, आणि नियमाचा मान राखून दोघं आपापल्या हद्दीत बसून चहा पिऊ लागले. फेरीही चालूच राहिली. गाडी रेघेवर उभी केली की ती कुणाच्याच हद्दीत येत नसे. माझा आलेख तसूभरही हलला नाही.

मग तो उन्हाळा आला. तिकडे सीमेवर, उंच डोंगरांत, दोन्ही देशांच्या फौजा एकमेकांवर तोफा डागू लागल्या. इकडे मुसफ्फाच्या लेबर कॅम्पमध्ये एका हॉलमध्ये भारताचं चॅनल लागायचं, शेजारच्या हॉलमध्ये पाकिस्तानचं. दोन्हीकडे रोज विजय होत असे. सुभेदारांचा सख्खा पुतण्या फौजेत होता आणि त्याची पलटण वर गेली होती. ते रोज काम सुटल्यावर कॅम्पबाहेरच्या बूथमध्ये रांगेत उभे राहून गावाकडे फोन लावायचे. घरचे सांगायचे, काही कळलं नाही.

एका सकाळी चहाच्या वेळी उस्ताद बोलून गेले, "तुम्हारे टीवी वाले बहुत झूठ बोलते हैं, यार."

एरवी सुभेदारांनी या वाक्याचा तिथल्या तिथं भुगा केला असता. त्या दिवशी ते म्हणाले, "और तुम्हारे?" आणि अर्धा कप तसाच ठेवून उठले. उस्तादांनी हाक मारली. ते वळले नाहीत. दुसऱ्या दिवशी सुभेदारांच्या स्टुलाजवळ नवी कोरी किटली होती. उस्तादांनी ती पाहिली आणि आपलं स्टूल रेघेपासून थेट मागच्या भिंतीला नेऊन टेकवलं.

शेडमध्ये केरळची, बांगलादेशाची, नेपाळची माणसं होती. त्यांचं या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं, पण चहा कुठल्या किटलीतला प्यायचा हा प्रश्न त्यांनाही पडला. काहींनी चहाच सोडला.

आणि मग ते घडलं, ज्यासाठी मॅनेजरनं इतकी वर्षं खटपट केली होती.

फेरी बंद झाली. गाडी आली की ज्याची पाळी तो मुकाट्यानं ती घेऊन जाई. समोरच्या बाजूची गाडी आपल्या आधी बाहेर पडू नये, म्हणून दोन्हीकडची माणसं पळू लागली. पूर्वी एखाद्या सुट्या भागाची वाट पाहत ट्रक आठवडाभर उभा असायचा; आता दोघंही फोरमन पहाटे स्टोअरच्या दारात हजर, कारण उशीर केला तर शेवटचा ब्रेक-सेट त्या बाजूला जाईल. दुपारच्या विश्रांतीनंतर उठवायला कुणाला जावं लागेना. संध्याकाळी बस सुटायच्या वेळी माणसं नट आवळत असायची. मी महिन्याचे आकडे कॉम्प्युटरमध्ये भरले आणि आलेखाची रेघ जिन्यावरून घरंगळावी तशी खाली आली. मला वाटलं, भरताना चूक झाली. पुन्हा भरले. पुन्हा तेच.

मॅनेजरनं आलेख दोन्ही हातांत धरला आणि खिडकीच्या उजेडात नेला. मग म्हणाला, "द यलो लाइन."

"सर, रेघ तर तीन महिन्यांपूर्वी मारली," मी म्हणाले.

"व्यवस्थेला रुजायला वेळ लागतो," तो म्हणाला. डोळ्यांत पाणीच काय ते यायचं बाकी होतं.

त्याला कल्पनाच नव्हती असं मी म्हणणार नाही. लढाईची बातमी तो रेडिओवर ऐकत होता आणि दोन्ही फोरमनांकडे त्यानं वेगवेगळी सहानुभूतीही व्यक्त केली होती. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे त्याच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. सुधारणा करायला आलेला माणूस सुधारणा झाली की कारण शोधायला बाहेर कशाला जाईल?

पुढच्या बैठकीला कॅप्टन आला. मॅनेजरनं मला मोठ्या पडद्यावर दाखवायचं सादरीकरण तयार करायला लावलं होतं. त्यात पिवळ्या रेघेचा फोटो तीन वेळा होता. टेबलाच्या एका बाजूला सुभेदार बसले होते, दुसऱ्या बाजूला उस्ताद, आणि दोघंही खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाकीकडे पाहत होते. मॅनेजर उभा राहून इंग्रजीत म्हणाला, "यातून आम्ही एकच गोष्ट शिकलो. सीमा स्पष्ट असल्या की माणसं मनापासून काम करतात."

उस्तादांना इंग्रजी पुरेसं कळत होतं. त्यांनी नजर टाकीवरून काढून छताला लावली. सुभेदारांच्या गालाचा एक स्नायू हलला. तो हसू दाबताना हलला की राग दाबताना, ते मला सांगता येणार नाही. कॅप्टननं सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि वहीत काही लिहिलं नाही.

बैठकीनंतर मॅनेजरनं दोघांना संयुक्त विजेते म्हणून एक ढाल दिली. ढाल म्हणजे लाकडी ठोकळ्यावर बसवलेला, सोनेरी रंग दिलेला खराखुरा पिस्टन. फोटोसाठी त्यानं दोघांना हस्तांदोलन करायला सांगितलं. दोघंही हात मागे बांधून उभे राहिले. मॅनेजरला वाटलं, लाजतायत. शेवटी कॅप्टन पुढे झाला आणि हलक्या आवाजात हिंदीत म्हणाला, "दोनों पकड़ो, चाचा. भारी है, मेरे पाँव पर गिरेगा." दोघांनी पकडला. फोटो निघाला. त्या फोटोत मॅनेजर एकटाच हसतो आहे. पिस्टन कुणीही आपल्या बाजूला न्यायला तयार होईना, म्हणून तो माझ्या टेबलावर आला.

जाताना कॅप्टन माझ्या खोलीशी थांबला. "मॅडम, ही माणसं एकमेकांना सलामसुद्धा करत नाहीत. कधीपासून?"

मी सांगितलं.

त्यानं आलेखाकडे पाहिलं, तारखा पाहिल्या, आणि कपाळावर हात मारून हसला. "आणि मला साहेबांनी सांगितलंय, इथली पद्धत शिकून या, बाकीच्या वर्कशॉपमध्येही लावू. मी आता काय लिहू? प्रत्येक वर्कशॉपला एकेक लढाई द्या?"

"पिवळी रेघ लिहा," मी म्हणाले.

"इन्शाल्ला," तो म्हणाला, आणि बहुतेक त्यानं तेच लिहिलं. काही महिन्यांनी दुसऱ्या एका छावणीतल्या वर्कशॉपमध्ये मी गेले होते, तिथं जमिनीवर पिवळी रेघ होती. ती कशासाठी आहे हे तिथं कुणालाच सांगता आलं नाही.

या सगळ्या गौरवाच्या काळात माझं स्वतःचं काम मात्र रखडलं होतं. कारण माझी खोली शेडच्या टोकाला, बरोबर रेघ संपते तिथं होती.

सुरुवात सुभेदारांनी केली. एक दिवस ते दारात येऊन उभे राहिले. "ताई, मी काही त्याच्याशी बोलत नाही. पण त्याला तुमच्या तर्फे सांगा, चहात दोन-दोन चमचे घालतोय. मी हितनं बघतोय सगळं."

मी रेघ ओलांडून उस्तादांकडे गेले. ते भडकले. "उससे कहो, अपना काम देखे. और उससे कहो कि कल जो हलवा खाया, वह भी मुझे पता है."

मी परत आले, निरोप दिला. सुभेदार म्हणाले, "हलवा नव्हता. शिरा होता."

मग हे रोजचंच झालं. त्याला सांगा, गुडघ्यावर बसून काम करू नको. उससे पूछो, दवा ली या नहीं. त्याला सांगा, टँकरच्या मागच्या एक्सलचा आवाज मला हितपर्यंत ऐकू येतोय, कान फुटले का त्याचे. मी शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फाइल छातीशी धरून चालायची आणि मॅनेजर काचेतून पाहून खूश व्हायचा, कारण प्लॅनर प्रत्यक्ष कामावर लक्ष ठेवते आहे, असं त्याला दिसायचं.

एकदा उस्तादांनी मला थांबवलं. आजूबाजूला कुणी नाही हे पाहिलं. हातातलं फडकं उगाच पिळलं. "बेटी, उससे पूछो... मेरा नाम मत लेना. लड़के की कोई खबर आई?"

मी सुभेदारांकडे गेले आणि विचारलं. नाव घेतलं नाही. मी असं काही स्वतःहून विचारणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. ते ट्रकच्या बॉनेटखाली वाकले होते, तसेच राहिले. आतूनच म्हणाले, "काल फोन लागला. इस्पितळात हाय. पायाला लागलंय, पण बरा हाय. सांगा त्याला."

मी जाऊन सांगितलं. उस्ताद "शुक्र है" म्हणाले आणि लगेच आपल्या एका माणसावर, काही कारण नसताना, प्रचंड ओरडले.

आता वाटेल, इथं दोघांची गाठ पडली असेल. नाही पडली. दोन-तीन आठवड्यांत लढाई थांबली, दोन्ही चॅनलांवर पुन्हा क्रिकेट आणि मालिका सुरू झाल्या, कॅम्पमधल्या दोन हॉलमधली माणसं एकत्र पत्ते खेळायला लागली. या दोघांच्या किटल्या तेवढ्या वेगळ्या राहिल्या. भांडणाचं कारण संपलं होतं, पण आधी बोलायचं कुणी, हा प्रश्न उरला होता, आणि त्यावर कुठल्याही देशाची फौज काही करू शकत नव्हती. निरोप मात्र वाढले. आता त्यात मटणाचे भावही आले.

एका संध्याकाळी जेवताना मी घरी हे सगळं वैतागून सांगत होते. नवरा अकाउंट्समधला, तो म्हणाला, "तुझ्या कंपनीनं या निरोपांचा ओव्हरटाइम द्यायला हवा." मुलगी तेव्हा आठेक वर्षांची होती. तिच्याशी आम्ही मराठीत बोलायचो आणि ती इंग्रजीत उत्तरं द्यायची. भातावरून मान वर न करता ती म्हणाली, "ममा, जस्ट टेल देम टू टॉक. यू आर नॉट अ टेलिफोन."

दुसऱ्या दिवशी महिन्याचा रिपोर्ट द्यायचा होता. मी आकडे जुळवत बसले होते. सुभेदार दारात आले. "ताई, त्याला जरा सांगा..."

"नाही सांगणार," मी म्हणाले.

ते दचकले. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा चढला होता. शेडमधल्या दोन-चार माना वळल्या. आता बोललेच आहे तर बोलून टाकू, म्हणून मी उठून बाहेर रेघेवर जाऊन उभी राहिले आणि तिथूनच उस्तादांना हाक मारली. ते लंगडत आले.

"मी इंजिनियर आहे," मी हिंदीत म्हणाले. हिंदी माझं रागात आणखीच बिघडतं. "तुमची साखर, तुमचे गुडघे, तुमचा शिरा, हे माझं काम नाही. दोघं फौजेत होतात ना? वायरलेसवर बोलायचात ना? मग समजा, वायरलेस तुटला. खलास. आता समोरासमोर बोला, नाही तर बोलू नका. मला रिपोर्ट द्यायचाय."

आणि मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं. माझ्या वडिलांच्या वयाची माणसं होती ती.

आकडे समोर होते, कान बाहेर होते. मग उस्तादांचा आवाज आला, "बहुत गुस्सेवाली है."

"नासिक की है," सुभेदार म्हणाले. नाशिकचा याच्याशी काय संबंध, कोण जाणे.

"वह टँकर फिर आ गया है. एक्सल देखेगा?"

"देखना क्या है. बेअरिंग गया है. महिनाभर बोंबलतोय मी," सुभेदार अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत म्हणाले, आणि दोघं टँकरभोवती फिरायला गेले.

बेअरिंग गेलेलं नव्हतं. दुसरंच काहीतरी सैल झालं होतं. ते सापडायला दोघांना अख्खी दुपार लागली. त्या वेळात बाकीच्या सात-आठ गाड्यांना कुणी हात लावला नाही, कारण सगळी शेड ते दोघं काय बोलतात हे ऐकण्यात गुंतली होती. दुसऱ्या दिवशी एक किटली नाहीशी झाली. स्टुलं पुन्हा रेघेजवळ आली.

त्या महिन्यापासून माझा आलेख हळूहळू वर चढू लागला. तीन महिन्यांत तो जिथून पडला होता तिथं जाऊन पोचला. मॅनेजरनं आधी दमट हवेला दोष दिला, मग सुट्या भागांना, मग माझ्या कॉम्प्युटरला. पिवळी रेघ पुसट झाली असेल म्हणून ती दोनदा नव्यानं रंगवून घेतली. मला त्याची कीव यायची. एकदा मी सांगायचा प्रयत्नही केला, की सर, ते दोघं तेव्हा बोलत नव्हते. तो म्हणाला, "एक्झॅक्टली. शिस्त." मग मी तो विषय सोडला.

खरी मौज पुढे झाली. करार संपत आला तेव्हा लष्करानं नवं टेंडर काढलं. गाडी किती वेळात बाहेर पडली पाहिजे याची नवी अट त्यात होती, आणि ती अट म्हणजे त्या उन्हाळ्यातला आमचा सगळ्यात चांगला आकडा. आम्हीच पडद्यावर दाखवलेला. मॅनेजर प्रामाणिक माणूस. कधीतरी एकदा जमलेली गोष्ट कायम जमेल असं लिहून देणं त्याला जमेना. दुसऱ्या एका कंपनीनं ते आनंदानं लिहून दिलं. आम्ही आमच्याच आकड्यावर हरलो. बातमी आली तेव्हा मॅनेजर शेडमध्ये जाऊन रेघेवर उभा राहिला आणि बराच वेळ खाली पाहत होता. मी त्याला चहा नेऊन दिला. त्यानं थँक यू म्हटलं आणि विचारलं, "आपलं चुकलं कुठं?" मी म्हणाले, मला माहीत नाही. दुसरं काय सांगणार होते?

उस्तादांना नव्या कंपनीनं ठेवून घेतलं. महिन्याभरानं त्यांचा फोन आला. नवी मंडळी ती अट कशी पाळतात हे त्यांनी मला मोठ्या चवीनं सांगितलं. गाड्या फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला ओळीनं उभ्या ठेवतात आणि आत जागा झाली, सुटे भाग हातात आले, की मगच फाटक उघडतात. घड्याळ आतल्या गाडीचं चालतं, बाहेरच्या गाडीचं नाही. "आकडा एकदम फर्स्ट क्लास है, बेटी," ते म्हणाले.

सुभेदारांचं वय झालं होतं. त्यांना नवा व्हिसा मिळाला नाही. त्यांचं विमान दुपारचं होतं. मी आणि नवरा त्यांना सोडायला गेलो. उस्ताद आमच्या आधीच तिथं येऊन थांबले होते, कडक इस्त्रीचा सलवार-कमीज घालून. सुभेदारांच्या बॅगेचं वजन जास्त भरलं आणि काय काढायचं यावर दोघांचा काउंटरसमोरच वाद झाला. रांगेतल्या माणसांनी आधी त्रासून आणि मग मजेत ऐकलं. शेवटी एक पंखा निघाला. तो उस्तादांनी काखेत मारला. आत जायची वेळ झाली तेव्हा दोघांनी एकमेकांचे हात धरले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. पुन्हा भेटायचं म्हटलं असतं तरी कुठं भेटणार? एकाच्या गावाला जायचा व्हिसा दुसऱ्याला कोण देणार होतं?

सुभेदार माझ्याकडे वळून म्हणाले, "येतो ताई." आणि काचेपलीकडे गेले. वळून पाहायचं नाही असं त्यांनी ठरवलं असावं, कारण ते अगदी कवायतीसारखे ताठ चालत गेले.

उस्तादांना आम्ही आमच्या गाडीतून मुसफ्फाला सोडलं. ते मागच्या सीटवर पंखा मांडीवर घेऊन बसले होते आणि सगळा रस्ता गप्प होते. पुलावरून खाली उतरल्यावर एकदम पुढे वाकून नवऱ्याला म्हणाले, "आपका फैन बेल्ट जाने वाला है. आवाज सुन रहे हैं? आज ही बदलवा लीजिए."

आम्हाला दोघांनाही काही ऐकू येत नव्हतं. पण सांगणारा एवढा जाणता माणूस, म्हणून नवऱ्यानं त्याच आठवड्यात बेल्ट बदलून घेतला. गॅरेजवाल्यानं जुना बेल्ट बोटांवर ताणून पाहिला आणि विचारलं, हा का बदलला, अजून दोन वर्षं सहज चालला असता. नवरा घरी येऊन थोडा कुरकुरला. मग म्हणाला, "बिचाऱ्यांना काहीतरी बोलायचं होतं, तेवढंच."